बस्त्यावकाकांचा ताबा

बस्त्यावकाका आमच्या सोफ्यावर बसून टीव्ही बघतात तेव्हासुद्धा ब्रेक दाबतात.

मालिकेतली सून जिन्यावरून धावत खाली यायला लागली की काकांचा उजवा पाय फरशीवर कचकन रुततो. डावा हात शेजारच्या उशीवर जातो, कारण त्यांचा गियर तिथे असतो. सून सुखरूप खाली पोचली की पाय सैल होतो आणि काका म्हणतात, "वळणावर हॉर्न नाही दिला बाईनं." रिक्षात ते मागे बसत नाहीत. लिफ्टमध्ये बटणांना पाठ करून उभे राहत नाहीत. एकदा दाढदुखीसाठी दाताच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा खुर्ची मागे झुकायला लागल्यावर त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं, "तुमचा हॅन्डब्रेक कुठाय?"

एसटीत त्यांनी बत्तीस वर्षं गाडी चालवली. एकदाही कुणाला खरचटलं नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत. रेजीनकाकी सांगतात आणि ते ऐकून काका खिडकीबाहेर बघतात. नावाबद्दल मात्र स्वतःच सांगतात. "आमच्या बापानं बाप्तिस्म्याला बस्त्याव नाव ठेवलं. त्यात बस आधीच होती. मग दुसरी नोकरी कशी मिळणार?"

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे वसईत फ्लॅट घेतला. आमच्या बाल्कनीतून काकांची वाडी दिसते. केळी, विहीर, बैठं कौलारू घर आणि अंगणात पांढरी व्हॅन. घरात ती दोघं त्यांच्या बोलीत बोलतात, त्यातला तीनातला एक शब्द मला कळतो. माझ्याशी बोलताना मात्र काका एसटीचं मराठी बोलतात. थांबा म्हणायचं असेल तर "सिंगल" आणि चला म्हणायचं असेल तर "डबल". कंडक्टरच्या घंटीचा तो हिशेब आहे. एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की निघायचं. चर्चमध्ये मिस्सेत प्रवचन लांबलं की काका तिसऱ्या बाकावरून हळूच "डबल" म्हणतात, आणि फादर आता ते ऐकून खरोखरच आवरतं घेतात, असं काकी सांगतात.

आमची ओळख भांडणातून झाली. मी एका मराठी पेपरात बातम्या तपासायचं काम करते, बरेचदा घरूनच. हे कळल्यावर काका एका सकाळी पेपर घेऊनच दारात उभे राहिले.

"पेपरवाल्या बाई तुम्हीच ना?"

"हो."

"हे कुणी लिहिलं? चालकाचा ताबा सुटल्याने टेम्पो नाल्यात."

मी म्हटलं, असंच लिहितात.

"ताबा सुटत नसतो, बाई. ती काय लेंग्याची नाडी आहे? चालक झोपला होता, असं लिहा. चालक मोबाईलवर बोलत होता, असं लिहा. ताबा सुटला म्हटलं की ताब्याची चूक होते, चालक बिचारा राहतो."

मी त्या दिवसापासून "ताबा सुटला" असं छापू देत नाही. आमच्या ऑफिसात हे कुणालाही पटलेलं नाही. तरी मी ते खोडते.

तर अशा माणसाला गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला बाजूचं जवळजवळ दिसत नाही. समोरचं दिसतं, पण डावीकडून कुणी आलं तर ते अगदी पुढ्यात येईपर्यंत कळायचं नाही. थेंब घालत राहा, आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. आणि गाडी बंद.

"आरसा आहे की," काका डॉक्टरांना म्हणाले.

"आरशात बघायला डोळाच लागतो," डॉक्टर म्हणाले.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी एक कोरा फुलस्केप घेऊन माझ्याकडे आले. "अर्ज लिहायचाय. एसटीत गाडी स्टँडवर टाकून घरी जात नाहीत. लेखी द्यावं लागतं. लायसन आणि गाडी दोन्ही सोडायची तर रीतसर सोडणार. तुम्ही सांगा, मी लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे."

अक्षर खरोखरच चांगलं होतं. त्यांनी लिहिलं, "मी, खाली सही करणार बस्त्याव, दृष्टीच्या कारणास्तव माझी गाडी व माझा परवाना" आणि तिथे थांबून माझ्याकडे बघितलं.

"परत करीत आहे," मी म्हटलं.

"परत? उसना आणला होता का? परीक्षा देऊन मिळवलाय."

"मग जमा करीत आहे."

"जमा चपला करतात. देवळाबाहेर."

त्यांनी तेवढ्या जागेत एक आडवी रेघ मारली, कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. "शब्द सापडला की भरू. तोपर्यंत अर्ज अपुरा. अर्ज अपुरा तोपर्यंत गाडी चालू. डबल!"

आणि ते गेले. मी बाल्कनीतून बघितलं, तर ते व्हॅन बाहेर काढत होते. शेजारी काकी बसल्या होत्या, मांडीवर मासळीची पिशवी घेऊन.

तेव्हा मला कळलं की हा माणूस मला एका शब्दावर अडकवून ठेवणार आहे. मीही हट्टाला पेटले. रोज दुसऱ्यांचे शब्द तपासणारी बाई मी, मला एक शब्द सापडू नये? ऑफिसातून जाडजूड शब्दकोश आणला, शब्दांची मुळं सांगणारं एक जुनं पुस्तक आणलं, आणि रोज एक शब्द काढून ठेवायला लागले. काका रोज चारच्या चहाला यायचे आणि तो शब्द मोडीत काढायचे.

मी म्हटलं, हवाली. अरबीतून आलाय, एकाकडचं दुसऱ्याकडे वळतं करणं.

"हवाली चोराला करतात. पोलिसांच्या."

मी म्हटलं, स्वाधीन.

काकांनी दोनदा तो शब्द स्वतःशी म्हणून बघितला. "स्व म्हणजे मी. अधीन म्हणजे हाताखाली. मी माझ्याच हाताखाली. म्हणजे यात दिलं काय? गाडी माझ्याकडेच राहिली. चालेल, हाच लिहू!" मग मलाच तो मागे घ्यावा लागला.

सुपूर्द म्हटलं तर म्हणाले, "हा शब्द ऐकला की मला प्रेतावरची पांढरी चादर दिसते." शरण म्हटलं तर म्हणाले, "शरण जायचा आमच्या वसईच्या किल्ल्याला अनुभव आहे. पुन्हा नको." मी सांगितलं, काका, शरण म्हणजे मुळात आसरा, घर. शरण जाणं म्हणजे घरात जाणं. ते काकांना आवडलं. पण म्हणाले, "घरातच तर आहे मी. डॉक्टर म्हणतो घरातच बस. त्यासाठी अर्ज कशाला?"

समर्पण आणला. "ते वेदीसमोर. गाडीचं नाही होत." मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, समर्पण हाच शब्द लोकांच्या तोंडात झिजत झिजत सोपवणं झाला. साधा, घरगुती. सोपवणं तरी चालेल?

"झिजून?"

"झिजून."

"झिजलेला टायर मी कधी रस्त्यावर आणला नाही."

चहा पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "झिजायला किती वर्षं लागली त्याला?" मी म्हटलं, हजारभर तरी. "मग मजबूत होता," ते म्हणाले आणि गेले.

सर्वांत जोरात भांडण राजीनाम्यावरून झालं. मला वाटलं होतं, नोकरी केलेल्या माणसाला हा तरी पटेल. पण त्यांनी त्याचं मूळ विचारलं आणि मी भाबडेपणानं सांगितलं. राजी म्हणजे तयार, कबूल. नामा म्हणजे कागद. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद.

काका ताडकन उठले. "मग तो मी कसा देऊ? मी राजी नाही!"

"अहो, आता त्याचा अर्थ बदललाय—"

"अर्थ बदलला असेल. मी नाही बदललो. माझा लिहायचा असेल तर नाराजीनामा लिहा."

ते इतके मोठ्यानं बोलले की पलीकडच्या वाडीतून रेजीनकाकींनी कुंपणावरून डोकं वर काढलं. "काय झालं गं बाय?" मी खिडकीतूनच ओरडले, "काही नाही काकी, व्याकरण!"

असे तीन आठवडे गेले. व्हॅन चालूच होती. मी शब्द शोधत होते आणि मनातून घाबरतही होते, कारण खेळ म्हणून हे ठीक होतं, पण तो डावा डोळा काही खेळ नव्हता. एकदा मी स्पष्टच म्हटलं, "काका, कुणाला लागलं तर?" ते म्हणाले, "बत्तीस वर्षं." एवढंच.

मग पाचूबंदरला ते घडलं. काका-काकींबरोबर मीही मासळीला गेले होते, मागच्या सीटवर. धक्क्यावर लिलाव नुकताच संपला होता, बायका टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. काका अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगानं गाडी वळवत होते. डावीकडून एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन येत होती. मला ती दिसली, काकींना दिसली. आम्ही दोघी एकदमच ओरडलो. काकांनी ब्रेक मारला, खरा ब्रेक, पण तोवर गाडी टोपलीला लागली होती. बाई बाजूला झाली म्हणून वाचली. टोपली पडली आणि बोंबील रस्ताभर पसरले.

"काय रं म्हाताऱ्या!" ती कडाडली. "मी एवढी समोर, आनि तुला दिसली नाय? पानी सांडलं, म्हावरा सांडला, मी सांडली असते म्हंजे?"

काका गाडीतून उतरले. मला वाटलं, आता हे हॉर्न, साइड आणि नियम काढणार. त्यांनी काही काढलं नाही. खाली बसले आणि बोंबील गोळा करायला लागले. एकेक उचलून, झटकून टोपलीत. कोळीण ओरडत होती ती हळूहळू थांबली. मग तीच म्हणाली, "असू दे बाबा, ऊठ. मला काय लागलं नाय." काका उठले नाहीत. सगळे बोंबील टोपलीत गेल्यावरच उठले, आणि उठताना त्यांनी डावा डोळा हातानं झाकला, मग उजवा झाकला, मग पुन्हा डावा. दोन-तीनदा असं करून ते त्या बाईकडे बघत राहिले.

"मला तू दिसलीच नाहीस," ते म्हणाले. माफी मागितल्यासारखं नाही, माहिती दिल्यासारखं. "तू होतीस, आणि मला तिथं रस्ताच दिसत होता."

घरापर्यंत त्यांनीच गाडी आणली, कारण आम्हा दोघींना ती चालवता येत नव्हती. सगळा रस्ता मी काचेला डोकं लावून डावीकडे बघत होते. अंगणात गाडी लावून त्यांनी किल्ली काढली आणि घरात जाऊन खिळ्याला अडकवली. त्या दिवसानंतर व्हॅन निघाली नाही. चारच्या चहालाही काका आले नाहीत.

पुढचा मंगळवार उजाडला. मंगळवारी दुपारी ती दोघं नेहमी व्हॅननं कुठेतरी जायची. कुठे ते मी कधी विचारलं नव्हतं, वाटायचं काकींच्या माहेरी, अर्नाळ्याकडे जात असतील. त्या मंगळवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर अंगणात व्हॅन उभी आणि आत दोघं बसलेली. इंजिन बंद. काका स्टिअरिंगसमोर, काकी शेजारी, दोघंही समोरच्या केळीकडे बघत. अर्धा तास झाला, तासही झाला. मी खाली उतरले.

"काका, रिक्षा बोलावू का? कुठे जायचं असेल तर मी येते बरोबर."

"रिक्षानं नाही जायचं तिथं," काका म्हणाले.

"मग बसलात का असे?"

उत्तर काकींनी दिलं. "मंगळवार आहे ना, बाय."

मला काही कळलं नाही. पण पुढे विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रेजीनकाकी आल्या. त्या कधी एकट्या येत नसत. आल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "गाडी शिकायला कुठं जायचं ते तुझ्या मोबाईलवर बघ."

"कुणाला शिकायचीय?"

"मला."

काकी त्रेसष्ट वर्षांच्या. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "वय विचारू नको. डॉक्टरला दाखवून आलेय. डोळे चांगले आहेत, गुडघे तेवढे वाईट आहेत. क्लच दाबायला गुडघा किती लागतो?"

"काकांना सांगितलंत?"

"ते शब्द शोधतायत. सापडेपर्यंत माझं शिकून होईल."

काकांना कळलं तेव्हा मी तिथेच होते. काका म्हणाले, "तुला?" काकी म्हणाल्या, "मला." काका म्हणाले, "येणार नाही." काकी म्हणाल्या, "बघू." चाळीस वर्षांच्या संसारातलं त्यांचं हे सर्वांत मोठं भांडण असावं, आणि ते उभ्या उभ्या संपलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या तरुण शिक्षकानं पहिल्याच दिवशी काकींना "आजी, घाबरू नका" असं म्हटलं. काकी म्हणाल्या, "मी घाबरले नाही, तू सीटबेल्ट का धरलायस?" पंधरा दिवस त्या त्याच्याकडे गेल्या. परत आल्यावर अंगणात खुर्ची टाकून, डाव्या पायाखाली वीट ठेवून क्लचचा सराव करायच्या. काका पडवीतून बघायचे आणि बघत नसल्याचं दाखवायचे. सोळाव्या दिवशी न राहवून म्हणाले, "वीट अशी नाही दाबत. ती काय झुरळ आहे? हळू सोड. सोडायचं कसं ते आलं पाहिजे. दाबायला कुणालाही येतं." आणि मग शिकवायचं काम त्यांनीच घेतलं.

वालीवच्या इंडस्ट्रीत गाळ्यांना सुट्टी असते त्या दिवशी आतले रस्ते मोकळे असतात. तिथे आमची शाळा भरायची. घरापासून तिथपर्यंत माझा नवरा गाडी न्यायचा, मग काकी स्टिअरिंगला, काका शेजारी, आणि मी मागे. मला काकांनी साक्षीदार म्हणून नेमलं होतं. पहिल्या दिवशी काकींनी गाडी बारा वेळा बंद पाडली. तेराव्यांदा ती सुटली आणि पत्र्याच्या कुंपणाकडे निघाली. काकांनी पाय दाबला. शेजारच्या सीटसमोर पेडलच नसतं, हे त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर मी बघितलं. कुंपणाच्या वीतभर अलीकडे काकींनी ब्रेक मारला. मग काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू थांबवलीस."

"मग कोण थांबवणार होतं?" काकी म्हणाल्या.

त्या दिवशीच काका पुन्हा चहाला आले. कागदाची घडी खिशातून काढली. घड्यांवर तो फाटायला आला होता. "पेपरवाल्या बाई, ताबा या शब्दाचं मूळ काय?"

मी पुस्तक उघडलं. ताबा अरबीतून आलेला. मूळ शब्दाचा अर्थ मागून चालणारा, अनुसरणारा, आज्ञेतला. मला स्वतःलाच नवल वाटलं. मी त्यांना वाचून दाखवलं.

"मागून चालणारा?"

"हो. म्हणूनच ताबेदार म्हणजे नोकर. हुकमात राहणारा."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ज्याच्याकडे ताबा तो मालक नाही."

"मुळात तरी नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "रस्ता सांगतो तसं जायचं. घाट सांगतो तसा गियर टाकायचा. पॅसेंजर उतरणार तिथं थांबायचं. माझं काय होतं त्यात? मी तर सगळ्यांच्या मागून चालत होतो, पुढं बसून." मग हसले. "नोकर होतो तर सोडता येईल. नोकरी सोडतातच माणसं."

पण त्या दिवशी त्यांनी तो शब्द लिहिला नाही. काकी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, गाडी मागे घेताना. घरी येऊन म्हणाल्या, "मागं कशाला जायचंय? मला पुढंच जायचंय." पुन्हा महिनाभर वालीव. दुसऱ्यांदा पास झाल्या. लायसन हातात आलं त्या संध्याकाळी काका नवा फुलस्केप घेऊन आले आणि माझ्या टेबलावर बसून, मला न विचारता, एका दमात अर्ज लिहिला. वर "प्रति" म्हणून कुठल्या ऑफिसचं नाव नव्हतं. तिथे होतं, "सौ. रेजीन, स्वतःच्या घरी". आणि खाली, "दृष्टीच्या कारणास्तव माझ्या गाडीचा ताबा मी आपल्याकडे देऊन सोडत आहे. तरी स्वीकार व्हावा." दोन प्रती केल्या. एकीवर काकींची "मिळाला" म्हणून सही घेतली. काकींनी सही करण्याआधी अर्ज पूर्ण वाचला आणि "आपल्याकडे" या शब्दाखाली बोट धरून हसल्या. नवऱ्यानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपण म्हटलं होतं.

पुढच्या मंगळवारी मला बोलावणं आलं. "तुम्ही या," काका म्हणाले. "पहिली फेरी आहे, मागं कुणीतरी असू दे."

काकींनी गाडी फार हळू चालवली. मागून दुचाक्या ओरडत होत्या. डावीकडचं वळण आलं की काका अख्खी मान फिरवून, जवळजवळ पाठच वळवून बघायचे आणि सांगायचे, "मोकळं आहे." काकींना स्वतःला दिसत होतंच, तरी काकांनी सांगितल्याशिवाय त्या गाडी वळवत नव्हत्या.

माझा अंदाज अर्धा बरोबर होता. अर्नाळ्याकडचं काकींचं माहेर आलं, पण आम्ही घराशी थांबलो नाही. गावच्या चर्चमागे दफनभूमीच्या फाटकापाशी थांबलो. काका उतरले. काकी म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुढं व्हा, मी गाडी वळवून ठेवते." एरवी त्यांच्या मांडीवर असायची ती पिशवी आज काकांच्या हातात होती. पिशवीत वाडीतल्या मोगऱ्याची फुलं होती.

एका कोपऱ्यात, भिंतीलगत, हातभर लांबीचा एक चौथरा होता. वर छोटा सिमेंटचा क्रूस. नाव लुसी. काका चौथऱ्याच्या कडेवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी एसटीचं नाही, साधं मराठी बोलले.

"आमची पहिली. बाळंतपणाला रेजीन इथं आली होती. अकरा दिवसांची होती. मी नाशिकची गाडी घेऊन गेलेलो. इगतपुरीला स्टँडवरच्या साहेबानं बोलावलं. म्हणाला, घरून फोन आलाय, मुलीला बरं नाही, तू उतर. दुसरा ड्रायव्हर नाशिकहून निघालाय, तासाभरात येईल, पॅसेंजर थांबतील. चांगला माणूस होता." त्यांनी एक फूल ठेवलं. "मी म्हटलं, नको. गाडी मी पोचवतो. लहान पोरांना ताप येतो, उतरतो. मला वाटलं, माझी गाडी दुसऱ्याच्या हातात कशी देऊ? पोचवली. वेळेत पोचवली. दुसऱ्या दिवशी इथं आलो तर हे झालं होतं." त्यांनी हातानं तो चौथरा दाखवला. "रेजीन कधी एक शब्द बोलली नाही. मीच ठरवलं, इथं मी स्वतः गाडी घेऊन येणार. दर मंगळवारी. मंगळवारच होता तो."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"आता सोडला ताबा," काका म्हणाले, "त्यात काही मोठं नाही. आता सोडावाच लागला. सोडायचा त्या दिवशी होता."

फाटकाबाहेर व्हॅनचा गियर करकरला. काकी गाडी मागे घेत होत्या. इंजिन गुरगुरलं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. चिंचेच्या बुंध्याला मागचा बंपर अगदी टेकत होता. मी अर्धवट उठले. काका फुलं ठेवत होते, एकेक, क्रूसाच्या पायाशी, सावकाश. गियर पुन्हा करकरला. त्यांनी मान वळवली नाही.

शेवटी इंजिन थांबलं. दार लागल्याचा आवाज आला आणि काकी चालत आत आल्या, घामेजलेल्या, पदरानं तोंड पुसत.

"झाली वळवून," त्या म्हणाल्या. "कुठं लागली नाही. बघितलंत ना?"

"मी बघत नव्हतो," काका म्हणाले, आणि सरकून त्यांनी काकींना बसायला जागा केली.